चक्र फिरतं, पान हलत नाही

प्रश्न : मी सहकारी बँकेतून निवृत्त झालो. हल्ली वीजबिल, रेल्वेचं आरक्षण, सरकारी अर्ज सगळं घरबसल्या करतो. एक कोडं मात्र सुटत नाही. अर्जात 'जिल्हा' या रकान्यात सातारा निवडलं की पुढच्या रकान्यात तालुक्यांची नावं आपोआप येतात. पान जागचं हलत नाही, वर भरलेलं नाव-पत्ता तसाच राहतो. पूर्वी असं काही निवडलं की अख्खं पान पांढरं व्हायचं आणि पहिल्यापासून उमटायचं. मग आता ही नावं येतात कुठून? पानातच लपवलेली असतात का? माझ्या नकळत पान कुणाशी बोलतं, हे सुरक्षित आहे का? आणि मधूनच एक गोल चक्र फिरत राहतं, कधी कधी पाच-पाच मिनिटं. ते नेमकं काय करत असतं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. ते चक्र काहीच करत नसतं. ते नुसतं चित्र आहे, लग्नाच्या मांडवातल्या फिरत्या दिव्यासारखं. त्याला ना सर्व्हरची, म्हणजे पान जिथून येतं त्या पलीकडच्या संगणकाची खबर, ना तुमच्या अर्जाची. हे वाचून राग येईल आणि तो रास्तच आहे. पण राग काढायचा कुणावर, हे कळायला आधी तालुक्यांची गोष्ट सांगायला हवी.

तालुके पानात लपवून ठेवता आले असते. साताऱ्याचे अकरा, सगळ्या राज्याचे ३५८. एवढी यादी पानासोबत पाठवणं काही जड नाही. पण तालुक्यानंतरच्या रकान्यात गावं असतात आणि महाराष्ट्रात गावं आहेत चाळीस हजारांहून जास्त. ज्याला वाई तालुक्यातलं एक गाव निवडायचंय, त्याच्या फोनवर गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतची सगळी गावं ओतण्यात काय अर्थ? म्हणून पुढचे सगळेच रकाने कोरे येतात, आणि तुम्ही 'सातारा' म्हणालात की पान तेवढ्यापुरतं सर्व्हरला विचारतं : साताऱ्याचे तालुके कोणते?

उत्तराचा आकार किती असेल, याचा मी हिशोब मांडून पाहिला. सातारा, कराड, पाटण, वाई, महाबळेश्वर, जावळी, कोरेगाव, खटाव, माण, फलटण, खंडाळा. इंटरनेटवर चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेतं. मग ते अक्षर असो, काना असो की पाय मोडल्याची खूण. या अकरा नावांत अशी ५६ चिन्हं आहेत, म्हणजे १६८ बाइट. नावांभोवतीची अवतरणचिन्हं, मधले स्वल्पविराम आणि दोन टोकांचे कंस मिळून आणखी ३४. बेरीज २०२. उलट तेच पान बोधचिन्ह, मान्यवरांची छायाचित्रं आणि सरकत्या सूचनांसकट सहज काही लाख बाइट भरतं. दोनशे बाइटांच्या माहितीसाठी ते काही लाख बाइट पुन्हा मागवायचे, हे तुम्ही पूर्वी पाहिलेलं पांढरं पान. पंगतीत कोशिंबीर मागितली म्हणून वाढप्याने आपलं पानच उचलून न्यावं आणि मीठ-लिंबापासून पुन्हा वाढायला घ्यावं, तसला प्रकार.

यात वेबची चूक नव्हती. १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी ही योजना मांडली ती शास्त्रज्ञांची कागदपत्रं एकमेकांना जोडण्यासाठी. दुवा दाबला की हातातला कागद बाजूला जावा आणि दुसरा समोर यावा, एवढीच अपेक्षा. अर्ज, आरक्षण, बँका हे सगळे नंतरचे भाडेकरू. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्ट या भाषेचा पहिला आराखडा उभा केला, तेव्हा पानाला स्वतःत थोडाफार बदल करता येऊ लागला. रकान्यात आकडाच हवा होता, तुम्ही अक्षरं लिहिलीत, एवढं ते सांगू शकायचं. सर्व्हरला काही विचारायचं तर मात्र सगळं पान नव्याने मागवण्यावाचून इलाज नव्हता. जुगाडू मंडळी पानात एक अदृश्य चौकट ठेवायची आणि गुपचूप तीच पुन्हा पुन्हा भरून घ्यायची. चालायचं, पण ती चोरवाट होती.

सरळ वाट निघाली ती ईमेलमुळे. मायक्रोसॉफ्टमध्ये आउटलुकची टपाल ब्राउझरात वाचता यावी असं काम चाललं होतं. प्रत्येक पत्र उघडताना पान कोरं होणं त्या मंडळींना सोसवेना. अलेक्स हॉपमन यांनी त्यासाठी एक छोटा घटक लिहिला, ज्याच्या मार्फत पान पडद्यामागून सर्व्हरला विचारू शकेल. मार्च १९९९ मध्ये आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ या ब्राउझरबरोबर तो जगभर पोचला. त्याच्या नावात 'एक्सएमएल' (माहिती मांडायची एक पद्धत) आहे, पण त्या एक्सएमएलशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. तो एक्सएमएलच्या संचातून ब्राउझरमध्ये शिरला म्हणून ते आडनाव लागलं. रेशनकार्डावर पत्ता मामाचा असला म्हणून माणूस मामाचा मुलगा होत नाही.

नंतर काही वर्षं याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मोझिलाने तीच सोय 'एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट' अशा लांबलचक नावाने उचलली, २००४ मध्ये ॲपलच्या सफारीतही ती आली. त्याच वर्षी १ एप्रिलला गूगलने जीमेल जाहीर केलं. एक गिगाबाइट जागा फुकट, हे ऐकून लोकांना एप्रिल फूल वाटलं. जागेचीच चर्चा झाली; पत्र उघडताना पान कोरं होत नाही, याची कमी झाली. फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स आलं तेव्हा मात्र ते कुणाच्या नजरेतून सुटण्यासारखं नव्हतं. त्याआधीच्या नकाशांवर पूर्वेचा बाण दाबायचा आणि वाट बघायची. इथे नकाशा माउसने धरून ढकलला की सरकतो! युक्ती अशी, की नकाशा चौकोनी फरशांमध्ये कापून ठेवलेला. पुढे रूढ झालेल्या मांडणीत सर्वांत लांबून बघितलं तर सगळी पृथ्वी एका फरशीत. एक पायरी जवळ गेलं की फरशा चौपट. दहाव्या पायरीला त्या १०,४८,५७६ होतात. तुम्ही सरकवाल त्या बाजूच्या चार-सहा फरशा तेवढ्या मागवायच्या. खरं तर या फरशा साधी चित्रं म्हणूनच येत, हॉपमन यांच्या घटकातून नव्हे. पण तत्त्व एकच : हवं तेवढंच मागा आणि मागताना बसून राहू नका.

'बसून राहू नका' हा भाग महत्त्वाचा, आणि तो बँकेतल्या माणसाला सांगणं सोपं. पानात काम करणारा कारकून एकच असतो. तुमचं बटण दाबणं, टंकलेलं अक्षर, पान वर-खाली करणं, सगळं त्याच्याच टेबलावरून जातं. तालुक्यांची यादी आणायला तो स्वतः हेड ऑफिसला गेला, तर काउंटर बंद. तुम्ही कितीही दाबा, पान मुडद्यासारखं पडून. म्हणून तो शिपायाच्या हाती चिठ्ठी देतो आणि आपल्या टेबलाशी परत कामाला लागतो. चिठ्ठी देतानाच त्याने नोंद करून ठेवलेली असते, की उत्तर आलं की या रकान्यात भरायचं. शिपाई म्हणजे ब्राउझर, नोंद म्हणजे पान लिहिणाऱ्याने आधी लिहून ठेवलेल्या चार ओळी. या न थांबता केलेल्या मागणीला असिंक्रोनस म्हणतात. कारकुनाला स्वतः जायला लावायची सोयही त्या जुन्या घटकात आहे, पण ती वापरू नका, असं ब्राउझरवाले कधीपासून बजावत आले आहेत. सेकंदाचा दहावा भाग आपल्याला क्षुल्लक वाटतो. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात तीस कोटी ठोके पडतात. तेवढा वेळ त्याला दारात उभं करून ठेवायचं?

शिपाई एकापेक्षा जास्त असले की नवीच गंमत होते. शोधाच्या चौकटीत तुम्ही 'पुणे' लिहायला घेता. 'प' उमटला की एक चिठ्ठी जाते, 'पु'ला दुसरी, 'पुण'ला तिसरी, 'पुणे'ला चौथी. (हो, 'शोधा' बटण दाबण्याआधीच तुम्ही काय लिहिताय ते पलीकडे पोचत असतं. खोडलेलंसुद्धा.) आता चौथा शिपाई धावत आला आणि तिसरा चहाला थांबला, तर पुण्याच्या सूचना दिसून लगेच पुसल्या जातात आणि त्यांच्या जागी 'पुण'वरून पुण्यतिथी असलं काहीबाही झळकतं. निघाले त्या क्रमाने उत्तरं येतील याची हमी कुणी दिलेली नाही. शहाणा लिहिणारा नवी चिठ्ठी पाठवताना जुनी रद्द करतो, आणि बोटं क्षणभर थांबेपर्यंत चिठ्ठी पाठवतच नाही. मराठीत हे पथ्य जास्तच पाळायला हवं. पत्त्याच्या ओळीतून जाताना आपल्या प्रत्येक बाइटाची तीन अक्षरं होतात. 'पुणे' या चार चिन्हांची ३६. रोमनमध्ये तेच काम चारात भागतं.

आता सुरक्षिततेचं. पान तुमच्या नकळत बोलतं हे खरं, पण वाटेल त्याच्याशी बोलून उत्तर वाचता येत नाही. ज्या सर्व्हरवरून पान आलं, त्याचंच उत्तर त्याला वाचता येतं. दुसऱ्याचं वाचायचं तर त्या दुसऱ्याने तशी परवानगी उत्तराच्या माथ्यावर लिहून द्यावी लागते. नाहीतर एका खिडकीत बँक उघडी असताना दुसऱ्या खिडकीतल्या लॉटरीच्या पानाने तुमची शिल्लक वाचून घेतली असती. घरातलाच फितूर झाला तर मात्र हा पहारा कामाचा नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये सॅमी कामकर नावाच्या तरुणाने मायस्पेस या समाजमाध्यमावरच्या आपल्या ओळखपानात थोडं जावास्क्रिप्ट घुसवलं. ते पान जो बघेल त्याच्या नावाने पडद्यामागून चिठ्ठ्या जायच्या : सॅमीला मित्र करा, आणि हेच जावास्क्रिप्ट माझ्याही पानात चिकटवा. बघणाऱ्याला पत्ता नाही. चोवीस तासांच्या आत दहा लाखांहून जास्त लोक सॅमीचे मित्र झाले आणि मायस्पेसला दुकान बंद करून साफसफाई करावी लागली. पुढे त्याला न्यायालयात उभं राहावं लागलं. तुमच्या बाजूने काळजी एवढीच, की आर्थिक काम झालं की नुसती खिडकी बंद करू नका, 'लॉग आउट' करा.

प्रश्न : आमच्या क्लासमध्ये पान न हलवता माहिती मागवण्याच्या तंत्राला 'एजॅक्स' म्हणतात. हा तर हॉलंडचा फुटबॉल क्लब ना?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : क्लब आहे, भांडी घासायची पावडरही आहे, आणि सगळ्यांच्या आधी ट्रॉयच्या लढाईतला ग्रीक योद्धा. तुमचा एजॅक्स यांच्यापैकी कुणाचाच नाही. जेसी जेम्स गॅरेट या अमेरिकेतल्या सल्लागाराला गिऱ्हाइकापुढे बोलताना 'असिंक्रोनस जावास्क्रिप्ट आणि एक्सएमएल' असं दरवेळी म्हणणं जड जात होतं. अंघोळ करताना त्याला ही आद्याक्षरं सुचली. १८ फेब्रुवारी २००५ रोजी त्याने त्यावर लेख लिहिला; तेव्हा गूगल मॅप्सला जेमतेम दहा दिवस झाले होते. सहा वर्षं पडून असलेल्या तंत्राला नाव मिळालं आणि वर्षभरात ते नोकरीच्या जाहिरातीत दिसू लागलं. शेवटच्या एक्सचा मालक एक्सएमएल लवकरच मागे पडला. त्याची जागा डग्लस क्रॉकफर्ड यांनी रुळवलेल्या जेसन या सुटसुटीत मांडणीने घेतली, ज्यात वरचे अकरा तालुके २०२ बाइटांत बसले. २०१५ पासून ब्राउझरांत 'फेच' ही नवी, सुटसुटीत सोय आली आहे. परीक्षेत एजॅक्सच लिहा, नोकरीत फेच वापरा.

आता साताऱ्याच्या वाचकांकडे परत, त्या चक्राकडे.

पान नव्याने यायचं त्या काळात वाट बघण्याची जबाबदारी ब्राउझरची होती. उशीर झाला की कोपऱ्यात त्याचं स्वतःचं चिन्ह हलायचं, संपर्क तुटला की 'पान उघडता येत नाही' असं तो रोखठोक सांगायचा. कुरूप होतं, पण खरं होतं. पडद्यामागच्या चिठ्ठीबद्दल ब्राउझर तुम्हाला काहीच सांगत नाही. चक्र कधी दाखवायचं, कधी काढायचं, उत्तर आलं नाही तर काय बोलायचं, हे सगळं पान लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडलं. तो लिहितो : चिठ्ठी पाठवली, चक्र दाखव, यादी आली, चक्र काढ. आणि यादी आलीच नाही तर? ती ओळ लिहायची राहून जाते. त्याच्या कचेरीत नेट उत्तम असतं, यादी दरवेळी येते, त्यामुळे चूक त्याला दिसतच नाही. ती दिसते तुम्हाला, पावसात, रेंजचा एक दांडा असताना.

भर म्हणजे, त्या जुन्या घटकाला किती वेळ थांबायचं ते सांगितलं नाही तर तो मुदतच धरत नाही. मुदतीचा आकडा शून्य, म्हणजे अमर्याद. फेचचंही तेच. फेचची आणखी एक खोड : शिपाई 'साहेब जागेवर नाहीत' अशी चिठ्ठी घेऊन परतला तरी फेच म्हणतं, काम फत्ते. चिठ्ठी आली ना! आत काय लिहिलंय ते वेगळं तपासावं लागतं, आणि घाईत ते कुणी तपासत नाही. सर्व्हर कोसळल्याचा ५०० हा निरोप पान असा खिशात घालून बसतं आणि चक्र फिरत राहतं. तेव्हा अडकलेल्या चक्राला मी सरसकट नेटचा दोष मानत नाही. बहुतेक वेळा तो लिहिणाऱ्याचा आळस असतो. मीही कधीकाळी पानं लिहिली आहेत, हा आळस मीही केलेला आहे.

त्याची फळंही भोगली. एका दाखल्यासाठी अर्ज भरून मी 'जमा करा' दाबलं. चक्र. दोन मिनिटांनी पुन्हा दाबलं. चक्र. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा पावती आली. आठवड्याने कळलं की माझ्या नावावर तीन अर्ज नोंदले गेलेत, आणि दोन 'दुबार' म्हणून फेटाळताना कारकुनाने तिसराही फेटाळला. माझी मागणी पहिल्याच वेळी पोचली होती. परतीच्या वाटेवर उत्तर हरवलं होतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर चेक वटला होता, पासबुकात नोंद तेवढी व्हायची होती. तालुक्यांची यादी दहादा मागितली तरी कुणाचं बिघडत नाही. अर्ज किंवा पैसे दहादा पाठवले तर बिघडतं. चांगलं पान पहिल्या दाबाबरोबर बटण निर्जीव करतं आणि प्रत्येक अर्जासोबत एक क्रमांक पाठवतं, म्हणजे तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर ओळखतो. सगळीच पानं चांगली नसतात.

'मागे' जाण्याच्या बाणाबद्दलही इथेच सावध करतो. तालुका, गाव, गट क्रमांक असं तुम्ही दहा पायऱ्या पुढे गेलात तरी ब्राउझरच्या लेखी पान एकच. लिहिणाऱ्याने पायऱ्यांची नोंद करून ठेवली नसेल, तर तो बाण एक पायरी मागे नेत नाही, अर्जाबाहेरच फेकतो.

घरी टेबलावरचा संगणक असेल तर एकदा हे डोळ्यांनी बघा. क्रोममध्ये अर्जाचं पान उघडून कीबोर्डवरची एफ-१२ कळ दाबा. शेजारी एक भीतिदायक फलक उघडेल. त्यात 'नेटवर्क' आणि त्याखाली 'फेच/एक्सएचआर' निवडा. मग जिल्ह्यात सातारा निवडा. एक नवी ओळ उमटेल, ती तुमची चिठ्ठी. तिच्यापुढे २०० असेल तर यादी आली. लाल रंगात ५०० किंवा ५०३ दिसलं तर सर्व्हर आजारी आहे, चहा घेऊन या. 'पेंडिंग' असेल तर शिपाई अजून वाटेत आहे. आणि ओळ २०० म्हणत असूनही चक्र फिरत असेल, तर पान बिघडलंय. कितीही थांबलात तरी ते थांबणार नाही. अशा वेळी 'जमा करा' पुन्हा दाबू नका. आधी दुसऱ्या खिडकीत 'माझे अर्ज' उघडून आपला अर्ज पोचलाय का ते बघा.